संपादकहो, उत्तराआधीचा प्रश्नही दाखवा

वृत्तवाहिन्या, वृत्तपत्रं आणि बातम्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्या सर्व संपादकांना खुलं पत्र

सन्माननीय संपादक,
स. न. वि. वि.

४ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत पुरवणी मागण्यांवर चर्चा सुरू होती. कांद्याचे भाव भडकले होते, बाहेरच्या देशांतून कांदा आणायचं घाटत होतं. सुप्रिया सुळे यांनी विचारलं होतं की मुळात कांद्याचं उत्पादन का घटलं, आणि लहान शेतकऱ्याचं काय. अर्थमंत्री निर्मला सीतारामन उत्तर द्यायला उभ्या राहिल्या. त्या बोलत असताना समोरच्या बाकांवरून कुणीतरी मध्येच विचारलं, तुम्ही कांदा खाता का? त्यावर त्या म्हणाल्या, मी फारसा कांदा-लसूण खात नाही, ज्या घरातून मी आले तिथे कांद्याशी फारसा संबंध येत नाही. सभागृहात हशा पिकला. मग त्या पुन्हा मूळ उत्तराकडे वळल्या.

पण देशभर गाजलं ते एवढंच: अर्थमंत्री म्हणतात, मी कांदा खात नाही. मधला टोमणा कापला गेला, पुढचं-मागचं उत्तर कापलं गेलं, आणि महागाईने पिचलेल्या माणसांना उद्देशून एका मंत्र्याने बेफिकिरीने उच्चारलेलं वाक्य म्हणून ते घरोघरी पोचलं. नुकतेच जामिनावर सुटलेले पी. चिदंबरम यांनीही मग अर्थमंत्री अ‍ॅव्होकाडो खातात का, असा टोला लगावला, आणि तोही तितक्याच उत्साहाने चालवला गेला. सीतारामन यांनी त्या टोमण्याला उत्तर द्यायलाच नको होतं, असं माझं मत आहे. पण कांद्याचं उत्पादन का घटलं, हा त्या चर्चेतला सगळ्यात मोलाचा प्रश्न होता, आणि आज तो कुणाला आठवतो?

मी हे पत्र कुणा नेत्याच्या बचावासाठी लिहीत नाही. नेत्यांकडे प्रवक्ते असतात, वकील असतात, समाजमाध्यमांवर फौजा असतात. मला चिंता वाटते ती अशा प्रत्येक वेळी हरवून जाणाऱ्या प्रश्नाची. तो प्रश्न आमचा असतो, आणि तो आमच्या वतीने विचारायचं काम तुम्ही अंगावर घेतलेलं आहे.

तुमच्या डेस्कवर हे कसं होतं, ते आता बाहेरच्या माणसालाही पाठ झालं आहे. तासाभराच्या भाषणातून दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निघतो. खालच्या पट्टीवर 'जीभ घसरली' किंवा 'वादग्रस्त वक्तव्य' असं येतं. वाद अजून कुणी घातलेला नसतो, तो घालायला माणसं शोधायची असतात. मग विरोधी पक्षाच्या नेत्यापुढे बूम माइक धरला जातो: ते असं म्हणालेत, तुमची प्रतिक्रिया? त्या नेत्याने मूळ भाषण ऐकलेलं नसतं. त्याच्या हाती असतं तुमच्या वार्ताहराने एका ओळीत सांगितलेलं सार. तो त्या सारावर तोंडसुख घेतो आणि दुसरी बातमी तयार होते: अमुक यांचा हल्लाबोल. तिसरी बातमी माफीच्या मागणीची, चौथी पुतळा जाळल्याची, पाचवी खुलाशाची. खुलासा 'सारवासारव' या मथळ्याखाली जातो. रात्री आठ खिडक्यांची चर्चा होते आणि त्या आठही जणांपैकी एकालाही मूळ भाषण पूर्ण ऐकलंत का, असं सूत्रधार विचारत नाही. दिवस भरतो. खर्च काहीच येत नाही, कारण या सगळ्यात एकाही वार्ताहराला कुठे जावं लागलेलं नाही, एकही कागद मागवावा लागलेला नाही. मला वाटतं, या रोगाचं मूळ पक्षपातापेक्षाही या स्वस्ताईत जास्त आहे. प्रतिक्रिया फुकट मिळते, शोध महाग पडतो.

हे केवळ आपल्याकडचं दुखणं नाही. हॉवर्ड डीन यांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण त्यात कुणी काही खोटं रचलं नव्हतं. १९ जानेवारी २००४ च्या रात्री अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या पहिल्या फेरीत डीन तिसरे आले. निराश झालेल्या कार्यकर्त्यांना उभारी द्यायला ते व्यासपीठावर गेले. सभागृहात इतका जल्लोष होता की तिथे उभ्या असलेल्या अनेकांना त्यांचे शब्द नीट ऐकूही येत नव्हते. म्हणून ते ओरडून बोलले, पुढे कोणकोणती राज्यं जिंकायची त्यांची नावं घेतली आणि शेवटी एक आरोळी ठोकली. त्यांच्या हातातला माइक फक्त तोंडासमोरचा आवाज उचलणारा होता, आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकणारा. वाहिन्यांना थेट त्याच माइकचा आवाज मिळत होता. त्यामुळे दूरचित्रवाणीवर गर्दीचा कल्लोळ जवळपास नाहीसा झाला आणि उरला एक लाल चेहऱ्याचा, विनाकारण किंचाळणारा माणूस. पुढच्या चार दिवसांत अमेरिकी वाहिन्यांनी तो तुकडा सहाशेहून अधिक वेळा दाखवला. सभागृहातल्या प्रेक्षकांच्या कॅमेऱ्यांतलं ध्वनिमुद्रण नंतर काहींनी दाखवलं, तेव्हा त्यात ती आरोळी गर्दीत बुडून गेलेली होती. डीन केवळ त्या आरोळीमुळे हरले असं म्हणणं चूक ठरेल, ते आधीच मागे पडले होते. पण हा माणूस डोक्याने ठीक नाही, असा समज ज्या आवाजावर उभा राहिला, तो त्या सभागृहात तसा कुणी ऐकलाच नव्हता.

त्याआधी १९९२ च्या फेब्रुवारीत थोरल्या जॉर्ज बुश यांच्यावर अशीच वेळ आली. ऑरलँडोमध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात त्यांना किमतीचे पट्टे वाचणारं एक यंत्र दाखवलं गेलं. ते नवं होतं, फाटलेला पट्टासुद्धा वाचू शकत होतं. बुश यांनी कुतूहलाने पाहिलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी दिली ती अशी की राष्ट्राध्यक्ष दुकानातलं साधं यंत्र पाहून थक्क झाले, सामान्य माणसाच्या जगण्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही. बातमी लिहिणारा वार्ताहर तिथे हजर नव्हता. सर्वांच्या वतीने आत गेलेल्या दुसऱ्या एका वार्ताहराने केलेल्या त्रोटक टिपणावरून त्याने ती रचली होती. पुढे इतरांनी चित्रफीत तपासून सांगितलं की बुश थक्क वगैरे काही झाले नव्हते. निवडणुकीचं वर्ष होतं, मंदीची झळ लोकांना बसत होती. राष्ट्राध्यक्षांचं आर्थिक धोरण तपासायला भरपूर वाव असताना यंत्राकडे पाहतानाचा त्यांचा चेहरा हा पुरावा ठरला.

ब्रिटनमध्ये तर लेबर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड यांचा सँडविच खातानाचा वेडावाकडा फोटो २०१४ च्या मे महिन्यात निघाला आणि वर्षभराने, मतदानाच्या आदल्या दिवशी, 'द सन'ने तो पहिल्या पानभर छापला. घास चावताना कुणाचाही चेहरा कसाही दिसतो. त्याबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही.

आता आपल्याकडचं एक उदाहरण, जरा अवघड. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत साखळी स्फोट झाले, वीसहून अधिक माणसं मेली. त्या संध्याकाळी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील वेगवेगळ्या कपड्यांत दिसले, हे वाहिन्यांनी टिपलं आणि ती दृश्यं एकाशेजारी एक लावून दाखवली. लोक संतापले. तो संताप मी समजू शकतो, माणसं मेलेली असताना टापटीप डोळ्यांत खुपते. पण त्याच वर्षी मे महिन्यात जयपूर आणि जुलैमध्ये अहमदाबाद हादरलं होतं. एकाच पद्धतीचे स्फोट शहरामागून शहरात होत होते. राज्याराज्यांचे पोलीस एकमेकांना माहिती देत होते का, गुप्तचर यंत्रणेकडे काय आलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्या गृहमंत्र्यांना रोज, नाव घेऊन, उत्तर मिळेपर्यंत विचारायचे प्रश्न होते. त्यावर कुणी लिहिलंच नाही असं मी म्हणणार नाही, काहींनी उत्तम लिहिलं. तरी तो काळ आठवणाऱ्या कुणालाही शिवराज पाटलांबद्दल विचारून पाहा, कपडेच आधी निघतील. अडीच महिन्यांनी मुंबईवर हल्ला झाला आणि ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. तपासासाठी देशपातळीवरची वेगळी यंत्रणा उभारणारा कायदा त्यानंतर, डिसेंबरात झाला. कपड्यांची टवाळी झाल्याने मंत्र्याची अप्रतिष्ठा झाली खरी, पण त्याच्या कामाचा हिशेब मात्र त्या टवाळीच्या आड राहिला. नालायक ठरवायचं तर कामावरून ठरवा, आम्हीही तुमच्या बाजूने उभे राहू.

इथे तुम्ही म्हणाल की क्षुल्लक काय आणि गंभीर काय हे आधी कुठे कळतं? छोट्या गोष्टीतूनच मोठी भानगड बाहेर येते. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मानतो. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले, तेव्हा व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने 'तिसऱ्या दर्जाची घरफोडी' म्हणून ते झटकून टाकलं होतं. सत्तेतल्या माणसाला स्वतःबद्दलची प्रत्येक बातमी क्षुल्लकच वाटते, तेव्हा त्याच्या म्हणण्यावर विसंबू नका, हे मीच तुम्हाला सांगेन. पण त्या घरफोडीचं वार्ताहरांनी पुढे काय केलं ते पाहा. पकडलेल्या माणसांची छायाचित्रं ते फिरवत बसले नाहीत. त्यांनी पैशाचा माग काढला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचारासाठी आलेला २५,००० डॉलरचा धनादेश त्या घरफोड्यांपैकी एकाच्या बँक खात्यात जमा झाला होता, हे १ ऑगस्टला 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं. घटना छोटीच होती, बातमी मोठी झाली ती दर पावलाला नवीन काहीतरी हाती लागत गेलं म्हणून.

महाराष्ट्राला तर हे शिकायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांनी अंतुल्यांच्या बोलण्याची ढब किंवा हावभाव विषय केला नव्हता. सिमेंटवर नियंत्रण असताना कोटा कुणाला मिळाला आणि देणगी कुणी दिली, याचा कागदोपत्री ताळा त्यांनी मांडला. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. कोर्टकज्जे त्यानंतरही वर्षानुवर्षं चालले, ते वेगळं.

म्हणून माझ्या मते कसोटी सोपी आहे. सकाळी लावलेल्या बातमीत संध्याकाळपर्यंत नवी माहिती किती आली? आली असेल तर ती दहा दिवस चालवा, महिनाभर चालवा. तोच तुकडा आणि त्यावरच्या प्रतिक्रियाच फिरत असतील, तर तिथे बातमी संपलेली आहे, आणि त्यानंतर जे चालतं ते एखाद्याला बदनाम करण्याचं काम आहे, मग तसा हेतू असो वा नसो.

हेतूबद्दलही थोडं बोललं पाहिजे. कितीतरी तुकडे तुमच्या डेस्कवर तयार होऊन येतात. पक्षांचे समाजमाध्यम विभाग ते कापतात, फिरवतात आणि तुमच्याकडे ते 'व्हायरल' म्हणून पोचतात. २०१७ च्या नोव्हेंबरात गुजरातमधल्या पाटण इथल्या सभेत राहुल गांधी म्हणाले की नरेंद्र मोदींनी बटाटा उत्पादकांना असं यंत्र देऊ केलं की एका बाजूने बटाटा घाला, दुसरीकडून सोनं निघेल. हे माझे शब्द नाहीत, मोदींचे आहेत, असंही त्यांनी तिथेच सांगितलं. पुढचं-मागचं छाटून उरलेला तुकडा असा दिसतो की राहुल गांधीच बटाट्याचं सोनं करायला निघाले आहेत, आणि तो आजही फिरतो. यात पत्रकाराने विचारायचा प्रश्न वेगळाच होता: मोदी खरंच असं कधी म्हणाले होते का? म्हणाले नसतील तर राहुल गांधींनी प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी वाक्य घातलं, आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारता आला असता. कापलेल्या तुकड्याने त्यांची थट्टा झाली, पण त्या जाबातून ते सुटले. दोन्ही बाजूंचं नुकसान कसं होतं ते यात स्पष्ट दिसतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान ऐकणाऱ्याचं.

याहून वाईट प्रकार २०२२ च्या जुलैत झाला. वायनाडमधल्या आपल्या कार्यालयाची नासधूस करणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांबद्दल राहुल गांधी म्हणाले होते की ती मुलं आहेत, बेजबाबदारपणे वागली, माझ्या मनात राग नाही. एका हिंदी वृत्तवाहिनीने ते वाक्य उदयपूरमध्ये काही दिवसांपूर्वीच झालेल्या निर्घृण हत्येच्या आरोपींबद्दलचं म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वाहिनीने माफी मागितली. पण गोष्ट तिथे थांबली नाही. काही दिवसांत, तेव्हा काँग्रेसची सत्ता असलेल्या छत्तीसगडचे पोलीस त्या निवेदकाच्या दारात अटकेसाठी उभे राहिले आणि भाजपची सत्ता असलेल्या उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्याला आधी ताब्यात घेतलं. निवेदकाची चूक गंभीर होती, तरी बातमीसाठी दोन राज्यांच्या पोलिसांनी एका पत्रकारावरून रस्सीखेच करावी, हे मला भयंकर वाटतं. तुमच्या प्रत्येक मोडतोडीतून सत्तेच्या हाती एक काठी जाते, आणि ती काठी पुढे चूक केलेल्या आणि न केलेल्या अशा दोघांच्याही पाठीत बसते. जिल्ह्याच्या ठिकाणी वाळूच्या ठेक्यावर लिहिणाऱ्या वार्ताहराकडे ना मोठी कंपनी असते, ना वकील.

आणि नेत्यांना मिळालेली ढाल वेगळीच. 'माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला' हे वाक्य आता प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक नेत्याच्या खिशात तयार असतं. खरोखर द्वेषाचं बोललेला माणूसही तेच म्हणतो, कागदावर सह्या सापडलेला माणूसही तेच म्हणतो, आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. का ठेवू नये? कांदा, कपडे, बटाटा या प्रत्येक वेळी खरोखरच काहीतरी कापलेलं होतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

नियम नाहीत असं नाही. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतली कार्यक्रमसंहिता अर्धसत्य आणि खोटे, सूचक आरोप दाखवायला मनाई करते. वाहिन्यांनी स्वतःसाठी नेमलेलं प्राधिकरण तक्रारी ऐकतं, पण २०२३ मध्ये त्याचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपयांचा होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंड धाक बसवायला पुरेसा आहे का, असं विचारलं. प्रेस कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत. सरकारच्या हाती यापेक्षा कडक कायदा द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. तो कुणावर चालेल हे वायनाडच्या प्रकरणानंतर सांगायला नको. म्हणूनच हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. नेत्याचं उत्तर दाखवाल तेव्हा त्याला विचारलेला प्रश्न आणि आधीचं निदान अर्धं मिनिट दाखवा. वृत्तपत्रात एक ओळ पुरते: हे वाक्य अमुक प्रश्नाला उत्तर देताना आलं. पूर्ण भाषण कुठे पाहता येईल ते पट्टीवर द्या, संसदेचं तर ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध असतं. प्रतिक्रिया घ्यायला जाल तेव्हा समोरच्याला आधी तो पूर्ण भाग दाखवा किंवा ऐकवा, आणि त्याने तो न ऐकताच प्रतिक्रिया दिली असेल तर तसं स्पष्ट सांगा. वार्ताहर जागेवर नसेल तर तेही लपवू नका. यातल्या एकाही गोष्टीला वेगळी माणसं लागत नाहीत.

चुकीच्या दुरुस्तीबद्दल मात्र मी जास्त आग्रही आहे. रात्री नऊच्या बातम्यांत चाललेली चूक पहाटे सहाला पट्टीवरून दुरुस्त करून भागत नाही. पहिल्या पानावरच्या बातमीचा खुलासा आतल्या पानाच्या तळाशी बोटभर जागेत देऊन भागत नाही. ज्या वेळी, ज्या निवेदकाच्या तोंडून, ज्या आकाराच्या मथळ्यात चूक गेली, त्याच वेळी, त्याच माणसाने, तेवढ्याच मथळ्यात सांगावं की आम्ही हे कापलं होतं आणि मूळ वाक्य असं होतं. संकेतस्थळावरची बातमी गुपचूप बदलू नये, आधी काय लिहिलं होतं ते खाली नोंदवून ठेवावं.

यातलं काय करता येईल आणि काय करता येणार नाही, ते तुमच्याच पानावर किंवा तुमच्याच वाहिनीवरून सांगा. नाही जमणार, असं उत्तर असलं तरी चालेल, फक्त त्यामागचं कारण पूर्ण द्या. मीही ते अर्धवट न कापता जसंच्या तसं इतरांपर्यंत पोचवीन.

आपला,
एक मतदार आणि तुमचा रोजचा वाचक-प्रेक्षक